बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडू नये

आनंद ही माणसाच्या हातातली गोष्ट नाही, असं पूर्वीचे लोक म्हणत. पूर्वीचे लोक पुष्कळ काही म्हणत. त्यांच्याकडे वेळ होता आणि थीम पार्क नव्हते. आता हे सर्वमान्य झालं आहे की आनंद ही व्यवस्थापनाची बाब आहे. योग्य माणसं योग्य ठिकाणी उभी केली, कोणी कुठून कुठे जायचं ते आधी ठरवलं आणि मध्येच कोणी गप्पा मारत रेंगाळलं नाही, तर एका कुटुंबाला एका दिवसात इतका आनंद होऊ शकतो की घरी आणून तो वाळत घालावा लागतो. उरलेली कुटुंबं, म्हणजे जी नुसती एकमेकांचे हात धरून फाटकातून आत शिरतात आणि "बघू या तरी काय काय आहे" म्हणतात, त्यांच्याविषयी न बोललेलंच बरं. अशांच्या घरी मिठाचा डबाही जागेवर सापडत नाही.

ड्यूटीमास्तरांच्या घरी सापडे. ते बसडेपोत ड्यूट्या लावायचं काम करत. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर, कोणता कंडक्टर, फाटकावर कोण आणि डिझेलच्या पंपावर कोण, हे ठरवण्यात त्यांचे केस गेले. डेपोतल्या गाड्या वेळेवर सुटत असं नव्हे. पण जी गाडी सुटली नाही तिच्यावर कोणाची ड्यूटी होती, हे मास्तर झोपेतून उठवलं तरी सांगत. खातं त्यांच्यावर खूश होतं. (प्रवासी नव्हते, पण प्रवाशांची ड्यूटी कोणी लावलेली नसते, ते आपखुशीने येतात.)

मास्तरांचा सगळा संसार एका नियमावर उभा होता: बदलीचा माणूस आल्याशिवाय जागा सोडू नये. डेपोच्या फाटकावरच्या एका पहारेकऱ्याची गोष्ट ते निरोप समारंभांतून सांगत. त्याचं लग्न होतं. त्याची जागा घ्यायला यायचा तो माणूस आला नाही. पहारेकरी नवे कपडे घालून फाटकावर उभा राहिला, तो उभाच राहिला. बदलीचा माणूस का आला नाही, तर तो लग्नाला गेला होता. आणि मुहूर्त टळायला लागला तसं मुलीकडच्यांनी हाताशी होता त्यालाच नवरदेव म्हणून उभं केलं. "म्हणजे बघा," मास्तर भरल्या गळ्याने म्हणत, "दोन्हीकडची जागा रिकामी राहिली नाही!" टाळ्या पडत. पहारेकरी अजून फाटकावर आहे. तोही टाळ्या वाजवी.

तर अशा मास्तरांनी थीम पार्कला जायचं ठरवलं. ठरवलं त्यांनी, पण मागितलं होतं त्यांच्या आईने. थोरली नात पुढच्या आठवड्यात शिकायला दूर देशी निघाली होती, चार वर्षांसाठी. आईच्या गुडघ्यांनी आणि छातीने चार वर्षांची हमी द्यायचं आधीच नाकारलं होतं. ती एके दिवशी जेवताना म्हणाली, "अरे, त्या पार्कात म्हणे होडी असते, पाच जणांची. मला त्या वरखाली फेकणाऱ्या पाळण्यांशी काही देणंघेणं नाही. एकदा आपण पाचही जण एका होडीत बसू. थोरली गेली की मग कुठले पाच?"

एवढंच. पाच माणसं, एक होडी. आईने आयुष्यात मागितलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील, आणि त्यांतल्या बहुतेक इतरांसाठी होत्या. मास्तरांना भरून आलं. त्यांचं आईवर खरोखर प्रेम होतं, आणि प्रेम आलं की ते कामाला लागत. इतर लोक प्रेम आलं की जवळ बसतात. त्याने काही साधत नाही.

मास्तरांनी आधी सूचना गोळा केल्या. थीम पार्कला कसं जावं याबद्दलच्या सूचना या काळात हवेसारख्या सगळीकडे भरून राहिल्या आहेत, श्वास घेतला तरी दोन-चार नाकात जातात. शेजारचे दाताचे डॉक्टर मास्तरांच्या तोंडात यंत्र घालून त्यांना सूचना देत, आणि मास्तरांना त्या मान्य आहेत असं धरून चालत. इंटरनेटवर तर असे संत पडले आहेत की ज्यांनी आपली पोरंबाळं पणाला लावून हे ज्ञान मिळवलं. या सूचनांचं थोडक्यात सार असं:

उद्यान उघडण्यापूर्वी पोचावं. आत गेल्यावर डावीकडे वळावं, कारण शंभरातले नव्याण्णव लोक उजवीकडे वळतात. (ही माहिती डावीकडच्या तुडुंब गर्दीत उभ्या असलेल्या शंभरातल्या नव्याण्णव लोकांनी एकमुखाने दिली आहे.) जेवण सगळे जेवतात तेव्हा जेवू नये, त्यामुळे सकाळी नाश्ता उतरायच्या आत उपाहारगृहात मुंगी शिरायला जागा नसते, आणि ऐन जेवणाच्या वेळी तिथे वाढपी एकमेकांना वाढत बसलेले असतात. हरवू नये म्हणून सगळ्या कुटुंबाने एकाच भडक रंगाचे सदरे घालावेत, नारिंगी उत्तम. हसरे फोटो फाटकापाशीच काढून घ्यावेत, पुढे चेहरे तसे राहत नाहीत. आणि सर्वांत मोलाची सूचना: लांब रांगेत घरातलं एक माणूस आधी उभं करून ठेवावं, म्हणजे बाकीचे तेवढ्या वेळात मजा करू शकतात. शक्यतो म्हातारं माणूस घ्यावं, त्याला कोणी हटकत नाही.

ही शेवटची सूचना वाचून मास्तरांचे डोळे चमकले. हे तर आपलंच शास्त्र! फक्त अडाण्यांच्या हाती पडल्याने अर्धवट राहिलेलं. एकच माणूस का? रांगा जर चार आणि माणसं पाच, तर चार जण मोकळे सोडणं हा मनुष्यबळाचा अपव्यय नव्हे काय?

मास्तरांनी ड्यूट्या लावल्या. आई: होडी, सर्वांसाठी, कारण ती रांग सर्वांत लांब. वहिनी: 'आकाशपाताळ' नावाचा उलटा करून हलवणारा पाळणा, थोरलीसाठी. (वहिनी म्हणजे मास्तरांच्या पत्नी. डेपोत सगळे त्यांना वहिनी म्हणतात, आपणही म्हणू. त्या दवाखान्यात लोकांच्या दंडातून रक्त काढतात. त्यामुळे त्यांचं बोलणं मऊ असतं आणि टोचतं ते नेमकं.) थोरली: भूतबंगला, धाकटीसाठी. धाकटी: लाकडी घोड्यांचं चक्र, स्वतःसाठी, कारण ती इयत्ता चौथीत असून दुसऱ्यासाठी उभी राहण्याइतकी परिपक्व नव्हती. मास्तर स्वतः: फिरता बदली माणूस. ज्याला जागा सोडायची असेल त्याने मास्तरांना फोन करायचा, मास्तर येतील, जागा घेतील. आणि होडीचा नंबर आला की सगळ्यांनी धावत आईकडे यायचं.

"बाबा," थोरली म्हणाली, "पण आपण तिकडे एकत्र फिरायला चाललोय ना?"

"एकत्रच," मास्तर म्हणाले. "फक्त वेगवेगळ्या ठिकाणी."

बैठकीच्या खोलीत फ्रिजपासून बाल्कनीच्या दारापर्यंत खुर्च्या मांडून रांगेचा सराव झाला. पुढच्याला धक्का न देता दबाव कसा ठेवायचा, मध्ये घुसणाऱ्याकडे कसं बघायचं, पाय दुखला तर वजन कोणत्या पायावर आणि केव्हा टाकायचं. आई खुर्च्यांमधून दोनदा फ्रिजपर्यंत गेली आणि म्हणाली, "अरे, रांगेत उभं राहायचं काय शिकवतोस मला? रेशन, रॉकेल, दवाखाना, जन्मभर दुसरं केलं काय?"

"आई, ते हौशी होतं," मास्तर म्हणाले.

प्रत्यक्ष दिवस उजाडला. उद्यान उघडण्यापूर्वी पोचावं ही सूचना सर्वांनीच पाळल्यामुळे उद्यान उघडण्यापूर्वीच पूर्ण भरलं होतं, फक्त बाहेरून. नारिंगी सदऱ्यांचा असा पूर लोटला होता की आपली माणसं चटकन ओळखू यावीत ही सोय सगळ्यांनाच सारखी झाली. मास्तरांनी पहिल्या काही मिनिटांतच दुसऱ्याच एका म्हातारीचा हात धरून तिला फाटकाकडे नेलं होतं. तीही निमूट चालली होती, कारण तिचाही मुलगा असाच घाईत असे. फाटकापाशी हसरे फोटो काढले. पाचही जण एका चौकटीत आले. त्या दिवशीचं ते शेवटचं एकत्र येणं, पण फोटो झकास आला.

मग सगळे डावीकडे वळले आणि आपापल्या जागी गेले.

आता होडीच्या रांगेबद्दल. रांगेच्या तोंडाशी मोठी पाटी होती: 'रांगेत दुसऱ्यासाठी जागा धरण्यास सक्त मनाई आहे.' त्या पाटीच्या सावलीत आईला उभं केलं. आईने मागेपुढे पाहिलं. पुढे एक म्हातारी. तिच्या पुढे एक म्हातारी. मागे काठीवाले आजोबा, त्यांच्या मागे एक निवृत्त मुख्याध्यापिका, त्यांच्या मागे चाकाच्या खुर्चीत बसलेल्या कोणाच्या तरी आत्याबाई. सूचना वाचणारं प्रत्येक घर आपलं म्हातारं माणूस तिथे रोवून गेलं होतं. गावातले आणि पंचक्रोशीतले सासू-सासरे, आई-वडील आणि बिनलग्नाच्या मावश्या त्या एका रांगेत गोळा झाल्या होत्या. तरुण माणूस औषधाला नव्हता.

रांग मुळीच हलत नव्हती. कारण सोपं होतं. धक्क्यावर होडी येई. होडी सोडणारी बाई विचारी, "किती जण?" पहिली म्हातारी म्हणे, "पाच. चार येतायत." मग मागच्या आजोबांना, "तुम्ही व्हा पुढे." आजोबा म्हणत, "छे छे, माझेही येतायत, तुम्ही व्हा." त्यांच्या मागची म्हणे, "मी कशी होऊ? माझी सून ओरडेल." होडी तशीच रिकामी सुटे, नदीला वळसा घालून रिकामी परत येई. सबंध दिवस होड्या फिरत होत्या, आणि आत माणूस नव्हतं. त्या वर्षीच्या अहवालात ही होडी सर्वाधिक लोकप्रिय ठरली, कारण लोकप्रियता रांगेवरून मोजतात.

आईचा वेळ बरा जात होता, हे सांगितलं पाहिजे. मुख्याध्यापिकांनी बिस्किटांचा पुडा काढला. कोणाच्या गुडघ्याला कोणतं तेल चालतं यावर फार सखोल चर्चा झाली. कोणाचा मुलगा किती हुशार आहे हेही सांगून झालं, आणि त्या सगळ्या हुशार मुलांनी एकच युक्ती केली होती हे लक्षात येऊनही कोणी तसं बोललं नाही. फक्त आत्याबाई एकदा म्हणाल्या, "घरीही खुर्ची अशीच कोपऱ्यात असते हो. इथे निदान पाणी दिसतं."

इकडे दुपारी धाकटीचा फोन आला. "बाबा, मला बाथरूमला जायचंय. लवकर या."

मास्तर वाऱ्यासारखे गेले. लाकडी घोड्यांच्या रांगेत धाकटीच्या जागी उभे राहिले. "जा. आणि परत ये," म्हणाले. बदली अशी सफाईदार झाली की डेपोत दाखवायला न्यावी. धाकटी गेली आणि परत आली नाही. जाऊन आल्यावर तिला वाटेत आजी दिसली, आजीजवळ बिस्किटं दिसली, आणि घोड्यांविषयी तिचं मत सकाळपासूनच वाईट होतं. ती कठड्यावर चढून बसली आणि पाय हलवायला लागली. त्या दिवशी उद्यानात मजा करणारी एकमेव व्यक्ती म्हणून तिची नोंद घ्यायला हरकत नाही.

आणि मास्तर अडकले. बदलीच्या माणसाला बदली कोण देणार, हा प्रश्न डेपोत कधी पडत नसे. तिथे बदलीला दुसरं कोणीतरी असे. इथे फिरता माणूस फिरायचा थांबला तशी सगळी यंत्रणा जागच्या जागी थिजली. नियम मात्र कोणीही मोडला नव्हता. उलट नियम इतका काटेकोर पाळला जात होता की त्याबाहेर काही उरलंच नव्हतं.

मग वहिनींचा फोन आला. "अहो, माझा नंबर आला. आकाशपाताळाच्या दारात उभी आहे मी. आता?"

"थोरलीसाठी धरून ठेव."

"थोरली भूतबंगल्यापाशी आहे."

"तिला बदली मिळाली की येईल."

"बदली कोण देणार?"

"मी."

"मग द्या."

"मी घोड्यांवर आहे."

"घोड्यावर बसलायत?"

"बसलो नाही. रांगेत आहे."

"म्हणजे तेही नाही," वहिनी म्हणाल्या. सुई नेमकी शिरेत गेली. त्यांनी मागच्यांना पुढे जाऊ दिलं, त्यांच्याही मागच्यांना जाऊ दिलं, आणि वर उलट्या लटकलेल्या लोकांच्या खिशातून पडणारी नाणी आणि कंगवे पाहत त्या उभ्या राहिल्या. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तसं हे घर उभं राहून राहून मेलं. पण शिस्तीत मेलं.

ऊन उतरलं. होडी सोडणारी बाई हातात कर्णा घेऊन ओरडली की आता शेवटची फेरी, मग बंद. रांगेत खळबळ उडाली. आजोबांनी फोन काढले, मावश्यांनी फोन काढले, आणि ज्यांना फोन लावता येत नव्हता त्यांना धाकटीने लावून दिले. आईने मुलाला फोन केला. आई फोनवर नेहमी ओरडून बोलते, त्यामुळे तिचं बोलणं मास्तरांना फोनमधून आणि मेंदीच्या कुंपणापलीकडून असं दोन्हीकडून ऐकू आलं. धक्का कुंपणाच्या पलीकडेच होता.

"अरे, ऐक! शेवटची होडी आहे. मी सगळ्यांना बोलावलंय. सून निघाली. थोरली पळत येतेय. तू ये!"

"निघाल्या? बदली न घेता?" मास्तरांनी विचारलं.

"अरे, ये रे बाबा! कुंपणाला वळसा घालून ये नुसता!"

"आई, माझ्या पुढे आता थोडेच लोक राहिलेत."

"त्या घोड्यांवर बसणार कोण आहे?"

"धाकटी."

"धाकटी माझ्याजवळ आहे!"

"तेच म्हणतोय मी, तिच्यासाठीच तर जागा धरलीये!"

मग आईने साधंच सांगितलं, ओरडली नाही, म्हणून ते फक्त फोनमधून ऐकू आलं. "मला तू हवायस होडीत. ये."

मास्तरांचं एक पाऊल उचललं गेलं. हे इथे प्रामाणिकपणे नमूद केलं पाहिजे, कारण पुढे त्यांनी ते कधीच कबूल केलं नाही. टाच वर आली, गुडघा वाकला. आई आहे, असं त्यांना वाटलं. जावं. त्या क्षणी त्यांना बाकी काही आठवत नव्हतं.

"काका, जाताय का?" मागचा नारिंगी सदरा म्हणाला. "मग सरका ना, मी पुढे होतो."

आणि तो पुढे झालाही, निम्मा. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. इतक्या कष्टाने धरलेली जागा, आणि हा सोम्यागोम्या बदली न देता, सही न करता फुकटात घेणार? पाऊल खाली आलं आणि घट्ट रोवलं गेलं. "कोण जातंय?" मास्तर म्हणाले. "मी इथेच आहे."

त्यांचा नंबर आला. घोडेवाला म्हणाला, "काका, मुलगी कुठाय?"

"येतेय."

"मग बाजूला व्हा किंवा बसा. पालकांना चालतं."

जागा रिकामी राहता कामा नये. एवढं एकच तत्त्व मास्तरांपुढे होतं, आणि त्याला जागून ते एका गुलाबी, डोळे मिचकावणाऱ्या घोड्यावर बसले. गुडघे हनुवटीला लागले. घंटा वाजली आणि चक्र फिरायला लागलं.

पहिल्या वळणावर कुंपणावरून त्यांना धक्का दिसला. होडीत आई होती. शेजारी धाकटी. समोर वहिनी, त्यांचा श्वास अजून बसला नव्हता, आणि थोरली. पाचव्या जागेवर आईची पिशवी होती. आई उभी राहून सगळ्या बाजूंना बघत होती. मुलगा कुठूनही येऊ शकतो असं तिला वाटत असावं.

घोडा पुढे गेला. आरसे, दिवे, एक रडणारं मूल, पुन्हा आरसे.

दुसऱ्या वळणावर होडी सोडणारी बाई पिशवीकडे बोट दाखवून बोलत होती. जागा धरायला मनाई आहे हा नियम त्या दिवशी पहिल्यांदाच अमलात येत होता, आणि तो अमलात आणायला तिला आईच सापडली. तेवढ्यात थोरलीला कुंपणावर वरखाली होणारे मास्तर दिसले. "बाबा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "बाबा, उतरा! या ना!" चौघीही हात हलवायला लागल्या. मास्तर दोन्ही हातांनी घोड्याची मान धरून ओरडले, "जागा धरून ठेवा! आलोच!"

आरसे, दिवे, मूल.

तिसऱ्या वळणावर पिशवी आईच्या मांडीवर होती आणि पाचव्या जागी मुख्याध्यापिका बसल्या होत्या. त्यांचेही कोणी आले नव्हते. होडी धक्क्यापासून सुटली होती. थोरली मागे वळून पाहत होती. आई पुढे पाहत होती.

चौथ्या वळणावर नुसतं पाणी होतं. घोड्याने डोळा मिचकावला.

परतीच्या बसमध्ये पाचही जणांना बसायला जागा मिळाली, पण वेगवेगळ्या बाकांवर. वहिनी मास्तरांच्या मागच्या बाकावर होत्या. त्या पुढे वाकून म्हणाल्या, "पाच माणसं घरातून एकत्र निघालो, आणि दिवसभर एकमेकांचं तोंड पाहिलं नाही. आपण घरीच बसलो असतो तर निदान चहा तरी एकत्र झाला असता. मला तुमचा राग आलाय. आणि आईंसाठी वाईट वाटतंय, ते वेगळं."

"होडीत पाच जण बसायचं ठरलं होतं," मास्तर म्हणाले. "पाच बसले. आकडा पुरा झाला."

आईने हे ऐकलं. ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. "पुढच्या वेळी," मास्तर तिला म्हणाले, "पुढच्या वेळी आणखी चोख करू, आई."

"पुढच्या वेळी थोरली कुठे असेल?" आई म्हणाली.

"तिला आधी कळवून ठेवू."

थोरली ठरल्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात गेली. निरोप द्यायला सगळे विमानतळावर गेले होते. आत सोडत नव्हते, आणि बाहेरच्या कठड्यापाशी गर्दी होती, म्हणून मास्तर आधीच जाऊन पुढची जागा धरून उभे राहिले. थोरलीने मागच्या बाजूला आजीला, आईला, धाकटीला मिठी मारली, बाबांना शोधलं आणि आत गेली. मास्तरांना त्या जागेवरून तिची पाठ अतिशय स्पष्ट दिसली.

त्यांना वाईट वाटलं. उगाच अन्याय नको. खरंच वाटलं, इतकं की त्या रात्री ते जेवले नाहीत. मग चूक कुठे झाली हे त्यांनी शांतपणे शोधलं, आणि चूक सापडल्यावर जेवले. मनुष्यबळ कमी पडलं होतं. चार रांगांना पाच माणसं हे गणितच चुकीचं. राखीव धरून निदान आठ हवीत. आता मास्तरांच्या सूचना इंटरनेटवर सगळ्यांना वाचायला उपलब्ध आहेत. 'कुटुंब किमान आठ जणांचं असावं. नसल्यास शेजारी घ्यावेत.' 'लहान मुलांना सकाळपासून पाणी देऊ नये.' 'म्हाताऱ्या माणसांच्या हाती फोन ठेवू नये, ती परस्पर माणसं बोलावतात.' त्या वाचून लोक त्यांना दुवा देतात. एका गृहस्थाने तर कळवलं की तुमच्या पद्धतीने आमच्या घरातल्या कोणाचीही दिवसभर कोणाशी गाठ पडली नाही, भांडण म्हणून झालं नाही.

आई आता क्वचितच काही मागते. मागितलं की मास्तर कामाला लागतात, हे तिला ठाऊक आहे.

तुम्हाला मास्तरांचं हसू आलं असेल. यावं, त्यासाठीच लिहिलंय. आणि वाचता वाचता मघाशी आतल्या खोलीतून तुम्हाला कोणीतरी हाक मारली, तेव्हा मान वर न करता तुम्ही "हं, झालंच" म्हणालात, तेही योग्यच केलंत. हातातलं अर्धवट टाकून उठू नये. हाक मारणारं माणूस थांबतं. आजवर थांबलंच आहे.